तीव्र क्यू ताप : लक्षणे आणि रक्ताचे अहवाल

क्यू तापाचा जंतू श्वासावाटे आत गेल्यावर दोन ते तीन आठवडे माणसाला काहीच जाणवत नाही. मग ताप येतो तो एकदम. सकाळी नेहमीसारखा कामाला गेलेला माणूस संध्याकाळी हुडहुडी भरून अंथरुणात पडलेला असतो. ताप ३९ ते ४० अंश सेल्सिअसपर्यंत चढतो, अंग मोडून येते, घामाने कपडे भिजतात आणि डोके विलक्षण ठणकते. दुखणे बहुधा कपाळात आणि डोळ्यांच्या मागे असते. रुग्णाला दुखण्याचा दिवस नेमका सांगता येतो, इतकी त्याची सुरुवात ठळक असते. पुढे मात्र या आजारात ठळक असे फार थोडे सापडते. त्याचे एकही लक्षण फक्त त्याचे असे नाही आणि नेहमीच्या रक्ततपासणीतला एकही आकडा एकट्याने त्याच्याकडे बोट दाखवत नाही. निदान होते ते जुळणीतून.

हा आजार ‘कॉक्सिएला बर्नेटी’ या जिवाणूमुळे होतो. तो जिवंत पेशीच्या आत, तेही पेशीतल्या आम्लयुक्त पोकळीत वाढतो. इतर बहुतेक जिवाणूंचा जेथे नाश होतो तीच ही जागा. शेळ्या, मेंढ्या आणि गायी हे त्याचे मुख्य आश्रयस्थान. गाभण जनावराच्या वारेत तो प्रचंड संख्येने वाढतो. शेळी व्याली किंवा गाभडली, की वार, गर्भजल आणि रक्त यांच्यासोबत तो गोठ्यात सांडतो. तेथे सुकल्यावर तो धुळीत कित्येक महिने टिकतो आणि वाऱ्याबरोबर काही किलोमीटरही जाऊ शकतो. संसर्गाला एक ते दहा जंतू पुरतात. त्यामुळे जनावराला कधी हातही न लावलेल्या माणसाला हा ताप येऊ शकतो, आणि ‘तुमच्याकडे गुरे आहेत का?’ एवढा एकच प्रश्न विचारून थांबणे अपुरे ठरते. गोठ्याच्या आसपास राहणे, लोकर किंवा शेणखत हाताळणे, कत्तलखान्यात काम करणे, कच्चे दूध पिणे हे सगळे विचारावे लागते. गोचिडीतही जंतू सापडतो, पण माणसापर्यंत तो येतो मुख्यतः हवेतूनच.

हा ताप वेगळा आजार म्हणून ओळखला गेला तो ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड राज्यात. १९३५ साली ब्रिस्बेनच्या कत्तलखान्यातले कामगार एका अनोळखी तापाने आजारी पडत होते. एडवर्ड डेरिक या विकृतिशास्त्रज्ञाकडे त्याचा तपास आला. रुग्णांच्या रक्तात नेहमीच्या पद्धतीने जंतू उगवत नव्हता आणि ओळखीच्या तापांच्या चाचण्या जुळत नव्हत्या. डेरिक यांनी रुग्णांचे रक्त आणि लघवी गिनीपिगना टोचली, तेव्हा त्या प्राण्यांना ताप आला. म्हणजे आजार संसर्गजन्य होता. १९३७ साली त्यांनी नऊ रुग्णांचे वर्णन प्रसिद्ध केले. कारण अज्ञात, म्हणून ‘क्वेरी’ या शब्दाचे आद्याक्षर तात्पुरते नाव म्हणून दिले गेले आणि तेच कायमचे राहिले. त्याच वर्षी मेलबर्नमध्ये मॅकफार्लेन बर्नेट आणि मेव्हिस फ्रीमन यांनी गिनीपिगच्या ऊतींत जंतू पाहिला. तिकडे अमेरिकेत मोंटाना राज्यातल्या प्रयोगशाळेत हेराल्ड कॉक्स आणि गॉर्डन डेव्हिस यांना गोचिडींमधून मिळालेला जंतू हाच निघाला. कॉक्स आणि बर्नेट या दोघांचीही नावे जंतूच्या नावात आहेत.

लागण झालेल्यांपैकी निम्म्याहून अधिक लोक आजारी पडतच नाहीत. स्वित्झर्लंडच्या व्हाले कँटनमधल्या बान्य खोऱ्यात १९८३च्या शरद ऋतूत हे स्पष्ट दिसले. डोंगरमाथ्यावरच्या कुरणांतून मेंढ्यांचे कळप गावांमधून खाली आले आणि त्यानंतर काही आठवड्यांत तापाचे रुग्ण दिसू लागले. कळपांच्या वाटेवरच्या गावांत लागण इतर गावांपेक्षा कितीतरी जास्त होती. रक्ततपासणीतून ४१५ जणांना लागण झाल्याचे निश्चित झाले. त्यांपैकी २२४ जणांना कोणताही त्रास झाला नव्हता आणि रुग्णालयात दाखल करावे लागले फक्त आठ जणांना. पुस्तकांत वर्णन केलेला रुग्ण हा या मोठ्या त्रिकोणाच्या टोकावरचा असतो, हे पुढची लक्षणे वाचताना ध्यानात ठेवलेले बरे.

आजारी पडणाऱ्यांत पुरुष अधिक, आणि तेही मध्यम वयाचे. कामामुळे पुरुषांचा जनावरांशी संबंध जास्त येतो हे एक कारण. पण लागण होऊनही स्त्रियांना आणि मुलांना लक्षणे कमी होतात असे दिसते. मादी उंदरांवरील प्रयोगांत स्त्रीसंप्रेरकाचा संरक्षक परिणाम आढळला आहे.

उपचार न करता ताप साधारण एक ते तीन आठवडे राहतो; काहींत त्याहून लांबतो. थकवा इतका असतो की रुग्णाला उठून बसणे नकोसे होते. भूक जाते, वजन उतरते. मळमळ, उलटी, जुलाब काहींना होतात आणि मग निदान पोटाच्या दिशेने भरकटते. ताप चढला की नाडी त्याच प्रमाणात जलद व्हावी, तशी ती अनेकदा होत नाही. ही खूण टायफॉइडमध्येही दिसते, त्यामुळे तिच्यावर फार भिस्त ठेवता येत नाही. थोड्या रुग्णांच्या अंगावर, विशेषतः छाती-पाठीवर, पुरळ उठते. मात्र रिकेट्सिया-तापांप्रमाणे ते नियमाने दिसत नाही. डोकेदुखी तीव्र आणि मान थोडी ताठ असेल तर मेंदूज्वराच्या शंकेने पाठीतले पाणी काढले जाते. ते बहुतेकदा निर्दोष निघते. क्वचित त्यात लसिका-पेशी आणि प्रथिने थोडी वाढलेली असतात.

ताप, फुप्फुस आणि यकृत ही या आजाराची तीन मुख्य रूपे, आणि ती एकमेकांत मिसळतात. फ्रान्समधल्या मार्सेयच्या संदर्भ प्रयोगशाळेने १९८५ ते १९९८ या काळातल्या १,३८३ रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. त्यांत तीव्र आजाराचे १,०७० होते. त्यांच्यापैकी ४० टक्क्यांना यकृतदाह, २० टक्क्यांना यकृतदाह आणि न्यूमोनिया दोन्ही, १७ टक्क्यांना न्यूमोनिया आणि १७ टक्क्यांना नुसता ताप होता. हृदयाचा किंवा मज्जासंस्थेचा आजार एक-दोन टक्क्यांपलीकडे नव्हता. पण हे प्रमाण सगळीकडे सारखे नाही. दक्षिण फ्रान्स आणि दक्षिण स्पेनमध्ये यकृताचा आजार पुढे, तर स्पेनच्याच उत्तरेकडील बास्क प्रदेशात, कॅनडाच्या नोव्हा स्कोशियात आणि नेदरलँड्समध्ये न्यूमोनिया पुढे. जंतूच्या वाणांतला फरक, आत गेलेल्या जंतूंची संख्या, संसर्गाची वाट अशी कारणे सुचवली जातात. एकही सर्वमान्य नाही.

न्यूमोनिया बहुधा सौम्य असतो. खोकला कोरडा, तोही अनेकदा किरकोळ. काही रुग्णांना खोकला नसतोच. स्टेथोस्कोपने फारसे ऐकू येत नाही आणि छातीच्या एक्स-रेत मात्र चट्टा दिसतो. हा चट्टा एका खंडात असतो किंवा अनेकांत, कधी गोलसर. फुप्फुसाभोवती थोडे पाणी साचू शकते. चित्र पाहून जंतूचे नाव सांगता येत नाही, आणि रुग्ण बरा झाल्यावरही सावली पूर्ण जायला सरासरी महिनाभर लागतो. तेवढ्यात क्षयाची शंका घेतली जाणे स्वाभाविक आहे. नोव्हा स्कोशियातल्या हॅलिफॅक्स शहरात पत्ते खेळायला एका घरी जमणाऱ्या मंडळींना असा न्यूमोनिया झाल्याची नोंद १९८८ साली प्रसिद्ध झाली. त्या घरात मांजर व्याली होती. शेळी-मेंढीशी संबंध नसलेल्या शहरी रुग्णाची चौकशी कुठवर न्यावी लागते, याचा तो नमुना आहे. नेदरलँड्समध्ये २००७ साली नूर्ड-ब्राबांट प्रांतातल्या हेर्पेन गावाच्या परिसरात न्यूमोनियाचे रुग्ण नेहमीपेक्षा जास्त येत असल्याचे स्थानिक डॉक्टरांना जाणवले आणि तेथून मोठ्या साथीचा छडा लागला. २०१०पर्यंत चार हजारांहून अधिक रुग्ण नोंदले गेले. दुधासाठी पाळलेल्या शेळ्यांचे मोठे गोठे हा तिचा उगम होता, आणि पन्नास हजारांहून अधिक गाभण शेळ्या मारण्याचा निर्णय सरकारला घ्यावा लागला.

यकृताचा आजार रुग्णाला बहुधा जाणवत नाही. कावीळ क्वचितच होते. उजव्या बरगडीखाली थोडे दुखते, यकृत किंचित वाढलेले लागते. पुष्कळदा तेही नाही. तो कळतो रक्ताच्या कागदावर.

त्या कागदावर पहिली नजर पांढऱ्या पेशींवर जाते. चाळीस अंशांच्या तापाने फणफणलेल्या माणसात त्या वाढलेल्या असतील अशी अपेक्षा असते, पण बहुसंख्य रुग्णांत त्यांची संख्या सामान्य मर्यादेत असते. वाढ दिसते ती सुमारे एक चतुर्थांश रुग्णांत. इतका जोरदार ताप आणि इतके शांत सीबीसी ही विसंगतीच उपयोगाची आहे. ‘रिपोर्ट नॉर्मल आहे’ असे म्हणून कागद बाजूला ठेवला, तर हाती आलेला एक दुवा सुटतो. प्लेटलेट सुमारे एक चतुर्थांश रुग्णांत दीड लाखाच्या खाली जातात. डेंग्यूत दिसते तशी घसरगुंडी मात्र क्वचित. आजार ओसरताना त्या उलट सामान्यापेक्षा जास्त होऊ शकतात. ईएसआर आणि सीआरपी वाढलेले असतात, पण ते कोणत्याही दाहात वाढतात.

खरा दुवा यकृताच्या विकरांत सापडतो. एसजीओटी आणि एसजीपीटी निम्म्याहून अधिक रुग्णांत वाढलेले असतात, साधारणतः सामान्य मर्यादेच्या दुप्पट-तिप्पट, कधी दहापटीपर्यंत. विषाणूजन्य काविळीतले हजारोंचे आकडे येथे सहसा दिसत नाहीत. अल्कलाइन फॉस्फटेजही थोडे चढते, बिलिरुबिन बहुधा जागच्या जागी राहते. न्यूमोनियाच्या रुग्णात, ज्याला पोटाची काहीच तक्रार नाही, असे विकर वाढलेले दिसले तर क्यू तापाचा विचार डोक्यात यायलाच हवा. रक्तातले सोडियम काहींत उतरते, स्नायूंचे विकर सीपीके काहींत चढते, लघवीत सूक्ष्मदर्शकाने दिसण्याइतके रक्त असू शकते. हे सारे पूरक. यावर निदान उभे राहत नाही.

तापाचे कारण आठवडे उलटूनही सापडत नाही, तेव्हा कधी यकृताचा तुकडा काढून तपासला जातो. क्यू तापात त्या काचपट्टीवर पेशींचे छोटे गोल पुंजके, म्हणजे ग्रॅन्युलोमा दिसतात. त्यांतल्या काहींची रचना पाहण्यासारखी असते. मधोमध चरबीचा रिकामा थेंब, त्याभोवती फायब्रिनचे गुलाबी कडे आणि कड्याबाहेर दाहपेशींची दाटी. मध्ये भोक असलेल्या मेदूवड्यासारखी ही आकृती एकदा पाहिली की विसरत नाही. अस्थिमज्जेतही ती सापडू शकते. सुरुवातीला ती या आजाराची हमखास खूण मानली गेली. नंतर हॉजकिन लिम्फोमा, टायफॉइड आणि सायटोमेगॅलोव्हायरस अशा इतर आजारांतही ती आढळली, आणि क्यू तापाच्या अनेक रुग्णांत ती नसतेच. आज रक्ताच्या चाचण्या उपलब्ध असताना केवळ या कड्यासाठी यकृतात सुई घालण्याचे कारण उरत नाही.

दिशाभूल करणारा आणखी एक गट स्वप्रतिपिंडांचा आहे. म्हणजे शरीराने स्वतःच्याच घटकांविरुद्ध बनवलेली प्रतिपिंडे. तीव्र क्यू तापात स्नायुतंतूंविरुद्धची आणि फॉस्फोलिपिडविरुद्धची प्रतिपिंडे वारंवार सापडतात. फॉस्फोलिपिडविरोधी प्रतिपिंडांमुळे रक्त गोठण्याची एपीटीटी ही चाचणी लांबते. लांबलेल्या एपीटीटीमुळे रक्तस्रावाची भीती वाटते. प्रत्यक्षात या प्रतिपिंडांचा धोका असतो तो गुठळ्यांचा आणि हृदयाच्या झडपांना इजा होण्याचा. अशा रुग्णाला ल्युपससारखा स्वप्रतिकारक आजार असल्याचे ठरवून स्टेरॉइड सुरू झाले, तर मूळ जंतू मोकाट राहतो.

शिक्कामोर्तब होते ते जंतूविरुद्धच्या प्रतिपिंडांनी. त्यासाठीची मान्य चाचणी म्हणजे इम्युनोफ्लुरोसन्स. काचेवर बसवलेल्या जंतूंवर रुग्णाचे रक्तद्रव सोडतात, चिकटलेली प्रतिपिंडे चमकणाऱ्या रंगाने दिसतात, आणि रक्तद्रव किती पातळ केले तरी चमक टिकते यावरून त्यांचे प्रमाण ठरते. येथे जंतूची एक खोड समजून घ्यावी लागते. जनावरांत आणि माणसांत सापडणारा जंतू पहिल्या अवस्थेत असतो. त्याच्या बाहेरच्या आवरणात साखरेच्या लांब साखळ्या असतात. कोंबडीच्या अंड्यात किंवा पेशींत तो पुन्हा पुन्हा वाढवला की साखळ्या गळतात आणि तो दुसऱ्या अवस्थेत जातो. हा बदल १९५६ साली स्टोकर आणि फिसेट यांनी दाखवला. माणसाला लागण होते पहिल्या अवस्थेच्या जंतूची, पण तीव्र आजारात आधी आणि जास्त प्रमाणात तयार होतात ती दुसऱ्या अवस्थेविरुद्धची प्रतिपिंडे. पहिल्या अवस्थेविरुद्धची मागून येतात आणि कमीच राहतात. महिने-वर्षे रेंगाळणाऱ्या जुनाट आजारात ती चढी होतात. त्यामुळे एकाच रक्तात दोन्ही मोजली, तर आजार नवा की जुना हेही कळते.

अडचण वेळेची आहे. प्रतिपिंडे दिसू लागतात तापाच्या दुसऱ्या आठवड्यात, आणि बहुतेक रुग्णांत सापडतात तिसऱ्या आठवड्यापर्यंत. तापाच्या पाचव्या दिवशी रक्त दिले तर उत्तर नकारार्थी येणार, आणि ते बरोबर असूनही निरुपयोगी ठरणार. म्हणून दोन नमुने घ्यायचे असतात, पहिला आजाराच्या पहिल्या आठवड्यात आणि दुसरा तीन ते सहा आठवड्यांनंतर. दुसऱ्या अवस्थेविरुद्धच्या आयजीजीचे प्रमाण चौपट झाले, समजा १:६४ वरून १:२५६ वर गेले, की निदान पक्के. एकाच नमुन्यातल्या आयजीएमवर विसंबणे धोक्याचे. ते कधी कधी वर्षभरही टिकते, शिवाय बार्टोनेला किंवा लिजिओनेलाच्या संसर्गात खोटे होकारार्थी येऊ शकते.

पहिल्या दोन आठवड्यांतली ही पोकळी पीसीआर काही प्रमाणात भरून काढते. जंतूचा डीएनए रक्तात असतो तो प्रतिपिंडे वाढण्यापूर्वी आणि प्रतिजैविक सुरू होण्यापूर्वी, त्यामुळे नमुना तेव्हाच घ्यावा लागतो. होकारार्थी उत्तर भरवशाचे, पण नकारार्थी उत्तराने आजार नाकारता येत नाही. जंतू वाढवून पाहणे सामान्य प्रयोगशाळेच्या आवाक्यातले नाही. नेहमीच्या रक्त-कल्चरच्या बाटलीत तो उगवत नाही, आणि प्रयोगशाळेतल्या माणसांनाच लागण होण्याचा धोका असल्याने त्याला उच्च सुरक्षेची प्रयोगशाळा लागते.

भारतात माणसांत आणि जनावरांत या जंतूविरुद्धची प्रतिपिंडे आढळल्याचे अहवाल १९५०च्या दशकापासून आहेत, तरी तापाच्या रुग्णात त्याची तपासणी क्वचितच होते. पावसाळ्यातल्या तापाला महाराष्ट्रात मलेरिया, डेंग्यू, लेप्टो, टायफॉइड आणि स्क्रब टायफस अशी मोठी रांग असते, आणि क्यू तापाची लक्षणे यांतल्या प्रत्येकाशी थोडीथोडी जुळतात. लेप्टोत डोळे लाल होणे, कावीळ, मूत्रपिंडाचा त्रास आणि वाढलेल्या पांढऱ्या पेशी अधिक दिसतात. डेंग्यूत पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट दोन्ही उतरतात. स्क्रब टायफसमध्ये चिगर चावल्याच्या जागी काळी खपली शोधावी. ब्रुसेलोसिसही जनावरांपासूनच येतो, पण त्याचा ताप रेंगाळत चढउतार करतो आणि कंबर-सांधे जास्त धरतात. रिकेट्सिया-तापांसाठी सर्रास केली जाणारी वाइल-फेलिक्स चाचणी क्यू तापात नकारार्थीच येते, त्यामुळे तिचा कागद पाहून हा आजार वगळू नये.

उपचार डॉक्सिसायक्लिनचा आहे. १०० मिलिग्रॅमची मात्रा दिवसातून दोनदा, दोन आठवडे. शंका बळकट असेल तर अहवालाची वाट न पाहता ती सुरू करतात, कारण पहिल्या दिवसांत दिलेले औषधच सर्वाधिक उपयोगी पडते. ताप बहुधा तीन दिवसांत उतरतो. गरोदर स्त्रीला हे औषध टाळून कोट्रायमोक्साझोल देतात. तिच्यात गर्भपाताचा आणि अपुऱ्या दिवसांच्या प्रसूतीचा धोका असतो. लेप्टो आणि स्क्रब टायफसवरही डॉक्सिसायक्लिनच चालते. त्यामुळे त्या शंकेने औषध मिळालेला क्यू तापाचा रुग्ण नाव न कळताच बरा होऊन घरी जातो. बहुतेकांच्या बाबतीत त्याने काही बिघडत नाही. काहींचा थकवा मात्र महिनोन्‌महिने जात नाही, आणि कारण माहीत नसल्यामुळे त्यांना कोणी गंभीरपणे घेत नाही.

नाव कळणे खरोखर गरजेचे असते ते हृदयाची झडप आधीच खराब असलेल्यांना, कृत्रिम झडप किंवा कृत्रिम रक्तवाहिनी बसवलेल्यांना, महाधमनी फुगलेल्यांना आणि प्रतिकारशक्ती दबलेल्यांना. तीव्र आजारानंतर जुनाट आजार होण्याचे प्रमाण एकूण पाच टक्क्यांपेक्षा कमी आहे, पण तो झडपांवर बसला आणि उपचार झाले नाहीत तर प्राणघातक ठरतो. म्हणून निदान झालेल्या रुग्णाच्या हृदयाची इकोकार्डिओग्राफी करतात. तीन आणि सहा महिन्यांनी रक्त पुन्हा तपासतात. त्यात पहिल्या अवस्थेविरुद्धचे आयजीजी १:१०२४ किंवा त्याहून वर गेले आणि दुसऱ्या अवस्थेच्या आकड्यालाही मागे टाकू लागले, तर जंतू शरीरात कोठे ठाण मांडून बसला आहे याचा शोध नव्याने सुरू करावा लागतो.